गाडी कुणाच्या मापाची

३ मार्च

पुन्हा डावीकडे! दादा चालवत होता, मी मागे. सरळ रस्ता, मोकळा, आणि गाडी आपली फुटपाथकडे निघाली — गुराला गोठा दिसावा तशी. दादाने स्टिअरिंगशी झटापट करून ती कशीबशी रस्त्यावर ठेवली. घरी आल्यावर दार असं आपटलं की काच आत घसरली.

म्हणाला, महिनाअखेरपर्यंत सरळ झाली नाही तर गाडी नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला. तो ती दारात उभी करणार, बॉनेट काढून आत फुलझाडं लावणार! बाबा जाऊन वर्ष झालं नाही अजून. गल्लीच्या तोंडाशी बाबांनी हॉर्न वाजवला की आम्ही दोघं भरल्या ताटावरून उठून पळायचो — ती ही गाडी.

मी म्हटलं, मला दे, लायसन्स आहे, मी वापरीन. दादा हसला. म्हणाला, "ती शिलाई मशीन आहे का? आपल्याकडे आईने तरी कधी स्टिअरिंगला हात लावला?" आई वाटाणे सोलत होती. सोलत राहिली.

बघतेच मी.

५ मार्च

मेकॅनिकने पुढची चाकं डावी-उजवी अदलून बघितली. फरक शून्य. ब्रेक चिकटत नाही ना, ते पाहिलं. पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश नवे घातले. मग गाडीच्या दोन्ही अंगांनी दोऱ्या ताणल्या आणि चाकं तिरकी आहेत का ते मोजलं. दोन्हीकडे सारखं. हात पुसत म्हणाला, ताई, एवढ्या जुन्या गाडीला थोडी ओढ असायचीच.

थोडी! मी स्टुलावरून उठलेच नाही. पुन्हा मोजायला लावलं. तोंड वाकडं करून का होईना, मोजलं त्याने.

६ मार्च

दोरी सरळ. चाकं सरळ. गाडी वाकडी. तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय.

९ मार्च

बँकेतल्या बाई मी शिवलेलं जॅकेट घेऊन परत आल्या. भांडायच्याच तयारीने. हँगरवर जॅकेट अगदी बरोबर. अंगात घातलं की उजवा खांदा उतरलेला. जन्मभर त्याच खांद्यावर पर्स, खांदाच उतरलाय, जॅकेट काय करणार? शिकायला येणाऱ्या मुलींना मी हेच ओरडत असते — कपडा खुंटीवर बघू नका, अंगावर बघा!

आणि तोंडातली टाचणी तोंडातच राहिली. गाडी आम्ही रिकामी मोजली होती. खुंटीवर!

दुकानाचं शटर ओढलं आणि तडक गॅरेज. दादाला बोलावून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. दादा म्हणजे शंभर किलोचा ऐवज. गाडीचा उजवा खांदा खचकन खाली, त्या बाजूच्या पुढच्या चाकाचा माथा आत झुकला; असं चाक गाडीला डावीकडे ढकलणारच. मग मी बसले. घरात मला काडी म्हणतात, अंगकाठी आईची. गाडी जेमतेम दबली. मेकॅनिक दोनदा वाकून बघून आला, पण थोडी ओढ वगैरे काही बोलला नाही.

१० मार्च

सापडलं!

या गाडीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग नाही. दोन्ही बाजूंना एकेक लांब सळई आहे, ती पीळ खाते आणि गाडी तोलते. सळईच्या टोकाला भोकं पाडलेली पट्टी. भोक बदललं की त्या बाजूची उंची बदलते. डावी पट्टी कंपनीच्या खुणेवर आहे. उजवी एक भोक खाली, म्हणजे ती बाजू थोडी बुटकी. झीज नाही, अपघात नाही — कुणीतरी मुद्दाम, नीट बसवलेली.

मेकॅनिक म्हणाला, खुणेवर आणतो, झालं काम. दादा म्हणाला, आण. सरळ झाली की तो स्वतः चालवणार म्हणे, हॉटेलवाल्याला नाही सांगणार.

मी म्हटलं, हात लावायचा नाही.

हे कुणाच्या तरी मापाने शिवलेलं आहे. घालणारा कळल्याशिवाय उसवायचं नाही, माझ्या धंद्यात एवढं तरी पाळतात. दादाचा पारा चढला. म्हणाला, मग उद्याच देऊन टाकतो. माझाही चढला. म्हटलं, एकदा मी चालवते, तू शेजारी बस. ओढली तर फुलझाडं मी स्वतः लावून देईन!

बोलून बसले खरी. आता माघार नाही.

१२ मार्च

मी उजवीकडे स्टिअरिंगवर, दादा डावीकडे. तोच सरळ रस्ता. स्टिअरिंगवरची बोटं सोडली. दादाने सीट धरली.

गाडी सुतासारखी सरळ!

वळवली, परत आणली, पुन्हा बोटं सोडली. पुन्हा सरळ. मी मोठ्याने हसले, अगदी दात काढून. दादा म्हणाला, "बाबा माझ्याएवढेच होते ना गं?"

होते. किंचित जास्तच. म्हणजे बाबा चालवताना ही रोज डावीकडे ओढली असणार. बाबा ढेकूण चावला तरी घर डोक्यावर घ्यायचे, आणि याबद्दल कधी अवाक्षर नाही?

उजवीकडे किरकोळ माणूस, डावीकडे भारी. हे माप आहे.

बाबा कामासाठी ही गाडी घेऊन गावोगाव फिरायचे तेव्हा आई बरोबर जायची. दर वेळी. आम्हाला आत्याकडे टाकून. आत्या म्हणायची, हिचा पाय घरात टिकत नाही. मी तेच खरं धरलं. आजवर आईला त्याबद्दल माफ केलेलं नाही, लिहितानाही राग येतोय.

पण आता त्या रागाचं मापही तपासायला हवं.

१३ मार्च

आईला विचारलं. दादासमोर, सरळ.

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "त्यांना मोठ्या रस्त्यावर चालवायची भीती वाटायची रे. घरी येताना गल्ली लागायच्या आधी आम्ही जागा बदलायचो. तेवढी गल्ली ते चालवायचे. हॉर्न मात्र छान वाजवायचे."

मग तिने दादापुढे हात केला.

"चावी दे. आणि तू डावीकडे बस."