डॉक्टर यापनी शोधून काढलेलं आमचं आलं

उलू एन्तेमू,
कापणीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय मित्र सावेंग, म्हणजे आता सेलीचे अपाय,

(बाप झालास, आपल्या बोलीतला अपाय झालास, मान द्यायला हवा, पण वसतिगृहात माझा साबण चोरून अंगाला लावणारा तूच, हे मी विसरलेलो नाही.) तू, सेलीची आई आणि सेली, तिघंही खुशाल असाल आणि तुझ्या कमरेनं आता तरी सरळ व्हायचं मनावर घेतलं असेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. भात बरं आलं, रानडुकरांनी आपला वाटा नेला. माझ्या लेकराचे, लुलोंगचे आकी, म्हणजे आजोबा, माझे सासरे, यांचे गुडघे गेले, पण कान आणि जीभ दोन्ही जागच्या जागी आहेत. जीभ सध्या माझ्यासाठी वापरत नाहीत, एवढंच. ते का, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो. पण आधी त्या डॉक्टर यापबद्दल मनसोक्त बोलू दे, नाहीतर मला जेवण जाणार नाही.

हा डॉक्टर औषधाचा नव्हे. (आमच्या लांबच लांब घरातल्या बावीसही बिऱ्हाडांच्या दारांतून म्हाताऱ्या गुडघे घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या.) हा रानटी आल्यांचा डॉक्टर. कुठलं आलं कुठल्याचं सख्खं, कुठलं चुलत, हे ठरवायचं आणि पगार घ्यायचा. असली कामं आमच्याकडे म्हाताऱ्या सुपारी कातरता कातरता फुकट करतात, तीही माणसांची. तर हे गृहस्थ होडीतून उतरले ते टोपी, भिंग आणि रद्दी घेऊन. रद्दी पानं दाबून ठेवायला. तीन आठवडे मी त्यांना रान दाखवलं. हा बाबा दर दहा पावलांवर गुडघ्यावर बसायचा, पान फाडायचा, हुंगायचा, चाटायचा आणि उसासा टाकून म्हणायचा, हे माहीत आहे. पान दांड्याला जिथं बिलगतं तिथं जिभेएवढा एक पापुद्रा असतो. तो अखंड की दुभंगलेला, यावर एका दुपारी त्यानं माझं डोकं इतकं खाल्लं की जळवासुद्धा मला सोडून त्याच्याकडे गेल्या.

बाविसाव्या दिवशी मी वैतागून घरामागच्या ओढ्यावरून एक गड्डा उपटून आणला आणि चुलीपाशी टाकला. त्याला बुडाशी, मातीतून डोकं काढलेलं पिवळं फूल होतं. डॉक्टर आंघोळीला नदीवर गेलेला. लुलोंगच्या आईनं आल्याचं आलं पाहिलं, कोंब चिरले, पानांत कोंबडी गुंडाळली आणि सगळं बांबूत भरून निखाऱ्यावर ठेवलं. डॉक्टर तीन वेळा वाढून घेऊन जेवला. मग दातात अडकलेला एक धागा काढून त्यानं भिंगाखाली धरला आणि पांढराफटक पडला. जगात कोणालाच ठाऊक नसलेलं आलं, म्हणे. जगात म्हणजे त्याच्या खोलीत. आमच्या घरातली शेंबडी पोरंसुद्धा त्याच्या पानात मासे बांधतात. पण आम्ही त्याला नाव ठेवलं नव्हतं आणि मेलेलं झाड रद्दीत दाबलं नव्हतं, म्हणून आमचं माहीत असणं धरायचं नाही. आता त्याला दुसरं फूल हवं होतं. ते एकच दिवस उमलतं, आणि ओढ्यावरचा तो एकच गड्डा फुलावर होता.

तेव्हा सासरे बोलले. ओसरीवर चटईवर बसल्या बसल्या, कोणी विचारलेलं नसताना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसऱ्या धबधब्याच्या वर, डाव्या अंगाला. लग्नाच्या वर्षी तुला ताप भरला होता, तिथं." मला आठवलं. मी नवा जावई, दुसऱ्या नदीचा, रानात उभं राहायची अक्कल नसलेला. म्हाताऱ्यानं मला पाठीवर घेऊन खाली आणलं होतं, आणि त्याआधी त्याच आल्याचा कोंब ठेचून माझ्या कपाळावर बांधला होता. ती जागा त्यांनी इतर कोणाला दाखवली नव्हती, स्वतःच्या मुलांनासुद्धा नाही.

गेलो. फुलं होती, पाच. डॉक्टर रडला. (खरंच रडला. टोपी काढून.) फुलं बुडवायची त्याची स्पिरिटची बाटली आदल्या दिवशी होडीतून नदीत गेली होती, म्हणून माझ्या कमरेची, घरी दोनदा गाळलेली तांदळाची दारू त्यानं त्या फुलांवर ओतली. मी तो अपमान गिळला. मग वही काढून त्यानं विचारलं, "हे झाड तुम्हाला कोणी दाखवलं?" मी म्हटलं, "सासऱ्यांनी." तो म्हणाला, "त्यांचं नाव सांगा. याला मी त्यांचंच नाव देणार." आता तूच सांग, मी काय करणार होतो? जावयानं सासऱ्याचं नाव तोंडून काढलं तर पोट फुगून मरतो, हे तुला सांगायला नको. (तुझी बायको शहरातली, तू सासऱ्याला फोनवर नावानं हाक मारतोस. पोटाचं काय झालंय ते बघतोच आहेस.) मी गप्प. डॉक्टर वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं, मग तुमचं सांगा."

पाणी चढायला लागलं म्हणून तो परस्पर होडीत बसून गेला, ओसरीवर आलाच नाही. मागल्या आठवड्यात त्याचा लिफाफा आला. आल्याचं चित्र आणि खाली माझ्या नावाला शेपूट लावून लिहिलेलं झाडाचं नाव. शाळेच्या परगावच्या मास्तरांनी सगळ्या घरापुढे मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीला निघून गेले. लोक हसले. तेव्हापासून मी "आल्याचे अपाय" झालो, "काय आल्याचे अपाय, लेकरू कसं आहे?" असं बायकासुद्धा विचारतात. सासरे हसले नाहीत. म्हणाले, "चांगलं नाव आहे," आणि भिंत धरत आत गेले. त्या दिवसापासून माझ्या हातचं पान घेत नाहीत. त्यांचं जेवणही कमी झालंय. सतरा वर्षं रोज संध्याकाळी मीच त्यांना पान लावून देतो, सेलीचे अपाय. मला हे सहन होत नाही.

वहिनींना नमस्कार, सेलीला पापा.

तुझा,
उंचात

ता. क. होडीवाल्याबरोबर धुरावलेले मासे पाठवतोय. त्यातले दोन डॉक्टर यापसाठी. त्याची कचेरी तुझ्या गोदामापासून चार गल्ल्यांवर आहे, पत्ता लिफाफ्यावर आहे. लेख महिनाअखेर छापायला जातो, तोवर दुरुस्ती चालेल असं त्यानं लिहिलंय. तू जा आणि त्याला सासऱ्यांचं नाव सांग. मला ते लिहिणंही चालत नाही, आणि इथं अख्ख्या घरात त्यांचं कोणी लागत नाही, म्हणून नाव घेऊ शकेल, असा माणूस नाही. तू त्यांचा कोणी नाहीस. त्यांची घंटा फोडलीस म्हणून त्यांनी तुला नदीपर्यंत पळवलं होतं, तेव्हा नाव विसरला नसशील. माझं नाव खोडताना समोर उभा राहा.

आणखी एक. वर सगळं लिहिलं, ते पुरतं खरं नाही. "घरी चला, मास्तरांना विचारा," एवढंच मला म्हणता आलं असतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते म्हटलं नाही. माझं नाव मात्र डॉक्टरकडून दोनदा वाचून घेतलं, एकही अक्षर चुकू नये म्हणून. सासऱ्यांना हे कळलंय, असं मला वाटतं.

शेवटचं. काम झालं की त्या आल्याचं नाव मला जन्मात घेता येणार नाही. कोणी विचारलं तर मी बोट दाखवून गप्प बसेन. त्या वेळचं गप्प बसणं मला चालेल.