भाऊजींची गाडी आणि माझी मान

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. एक हात आणि एक गुडघा सध्या पट्टीत असल्यामुळे अंगं आठ भरत नाहीत, तेव्हा जेवढी आहेत तेवढ्यांचा गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? दिलेले व्यायाम करतेस की तो कागद नुसता फ्रिजवर चिकटवून ठेवलायस? भाऊजींची साखर बंद झाली असं तू फोनवर म्हणालीस, पण मग डबा दर आठवड्याला कोण रिकामा करतं याची जरा चौकशी कर. इकडे तुझी भावजय बरी आहे. गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतताही आहे.

हे पत्र तूच भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा एक पथ्य पाळ. जे कंसात आहे ते फक्त तुझ्यासाठी. कंस आला की खोकायचं आणि पुढची ओळ धरायची. (आता खोक. हाताला नुसतं खरचटलेलं नाही, तीन टाके आहेत. कुणाला बोलू नकोस.)

मुद्द्याचं आधी लिहितो, कारण माझ्या पत्रात मुद्दा शेवटी सापडतो अशी तुझी जुनी तक्रार आहे. भाऊजींची मोटरसायकल मी परत पाठवतोय. शनिवारी टेम्पो सांगितलाय. अंगणात लावा, विका, तिच्यावर वाळवण घाला, पण मला तिच्यातून मोकळा करा. माणसाने चष्मे विकावेत, डोळे तपासावेत, संध्याकाळी शटर ओढून घरी जावं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकलवर वळणं घ्यायला शिकणं हे माझं काम नव्हे, आणि हे मी नुसतं म्हणत नाहीये, याला आता साक्षीदार आहेत.

भाऊजींनी किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली तेव्हा मी नाही कसं म्हणणार होतो, ते तूच सांग. (खोक, आणि जरा लांब खोक. त्या दिवशी काय झालं ते मी तुला पुरतं कधी सांगितलंच नाही. भाऊजी खुर्चीत बसले आणि समोरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं खडाखडा म्हणून दाखवली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मला बरं वाटलं. मग सवयीने मी तक्ता बदलला, तर त्यांनी पुन्हा तीच अक्षरं म्हटली. माझ्या दुकानात बसून बसून त्यांनी जुना तक्ता पाठ केला होता, ताई. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कडेचं दिसतं, मधलं गेलंय, ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण ते परत दुकानात आले तेव्हा गाडी चालवू नका हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "मग तू शिक. मला एकदा मागे बसवून घाटातून ने, बस्स." त्यानंतर मला आठ दिवस जेवण गेलं नाही.)

तर मी शिकायला लागलो. सरळ रस्त्यावर मला काही अडचण नाही, सरळ रस्त्यावर कुणालाच नसते. वळणासाठी मात्र एक मॅडम गाठल्या. खेळाच्या निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट, गळ्यात शिट्टी. दर रविवारी सकाळी नवशिक्यांच्या सहा-सात गाड्या घेऊन त्या गावाबाहेर पडतात. पुढे मॅडम, त्यांच्या मागे सगळ्यात कच्चा, म्हणजे कायम मी, आणि सगळ्यात शेवटी एक बेकरीवाला, ज्याचं काम मागे कुणी पडलं नाही ना हे बघणं. तो मला डॉक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही हे त्याला सांगून माझी जीभ झिजली.

मॅडमचे नियम चार. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. आत शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही. पुढच्याच्या वेगाशी स्पर्धा करायची नाही, गट पुढच्या फाट्यावर थांबतो. आणि चौथा, ज्याने माझा जीव खाल्ला, तो म्हणजे जिथे जायचंय तिथे बघायचं, कारण गाडी नजरेमागे जाते. नुसते डोळे नाही, मान वळवायची. हनुवटी खांद्याकडे. आता तूच विचार कर. बावीस वर्षं मी माणसांना यंत्रासमोर बसवून काय सांगतोय? हनुवटी टेकवा, कपाळ लावा, मान हलवू नका, समोर बघा. दिवसातून तीस वेळा दुसऱ्याला सांगून सांगून ते माझ्याच मानेत बसलंय. बाजाराच्या रिकाम्या आवारात पाण्याच्या बाटल्या मांडून मॅडमनी मला गोल गोल फिरवलं आणि प्रत्येक फेरीला मी ज्या बाटलीला घाबरलो तिच्यावरच गेलो. शिट्टी इतकी वाजली की आपल्यालाच बोलावतायत असं समजून बाहेरची दोन कुत्री येऊन बसली.

पहिल्या रविवारी रोपवाटिकेचं प्रकरण झालं. एका वळणावर बाण दाखवणारी पिवळी पाटी होती. इतर लोक बाण बघतात आणि वळतात. मी पाटी वाचली. अक्षर दिसलं की ते शेवटपर्यंत वाचता येतंय का हे बघायची माझी खोड तुला माहीत आहे. वरची सूचना वाचली, खालची वाचली, अगदी कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं, आणि ते वाचून होईपर्यंत मी पाटीच्या शेजारून सरळ रोपवाटिकेत शिरून कुंड्यांच्या दुसऱ्या रांगेत उभा होतो. गाडीला ओरखडा नाही, मला ओरखडा नाही, तीन झेंडू गेले. मालकीणबाई आल्या आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "फाटक पलीकडे आहे." बेकरीवाल्याने थांबून मला बिस्किट दिलं. अपमानाच्या वेळी बिस्किट देणाऱ्या माणसावर रागावताही येत नाही, आणि त्याचा फार राग येतो.

गेल्या रविवारचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. भाऊजींना एवढंच सांग की किरकोळ घसरलो. (खोक. मॅडमची गाडी पुढे लांब गेली आणि माझा अहंकार जागा झाला. वेगात वळणात शिरलो, घाबरलो, आणि जे करू नये म्हणून दहा वेळा बजावलं होतं तेच केलं, आत शिरल्यावर ब्रेक दाबला. वळणात कललेली गाडी सरळ झाली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला निघाली. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी टँकरकडे बघत होतो, म्हणून गाडी टँकरकडेच चालली होती. त्या ड्रायव्हरने वेळेत थांबवलं म्हणून मी गटारात पडलो, नाहीतर तुझ्या भावजयीला आज अबोला धरायलाही कुणी उरलं नसतं. ताई, मला भीती माझी वाटली नाही. मागच्या सीटवर भाऊजी असते तर, हेच डोळ्यांसमोर येत राहिलं. तीन रात्री तेच.) थोडक्यात, किरकोळ घसरलो.

म्हणून गाडी परत. भाऊजींना सांग की माझी मान वळत नाही, यात त्यांचा काही दोष नाही, गाडीचा तर मुळीच नाही. त्यांनी दुसरं काहीही मागावं. रोज येऊन पेपर वाचून दाखवायला सांगितलं तरी येईन, क्रिकेटच्या पानासकट.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट काउंटरवर राहिलं, तेवढ्यात दहा दिवस गेले. टेम्पोवाला शनिवारी आलाच नाही. (तो आला होता. मी परत पाठवला. का, ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.)

ता. क. २. त्याआधी शुक्रवारी मॅडम चष्मा करायला दुकानात आल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, वरच्या मोठ्या अक्षरावर थांबू नका, जेवढी खालची ओळ दिसेल तेवढी वाचा. त्या तक्ता सोडून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हेच तर मी तुम्हाला महिनाभर शिट्टी फुंकून सांगतेय." मोठं अक्षर म्हणजे समोरचा खड्डा, पाटी, टँकर. ते सगळ्यांनाच दिसतं, त्यात काही कर्तबगारी नाही. वळण जिथे संपतं ती शेवटची ओळ, ती शोधायची. मला इतका संताप आला की मी त्यांना काचेवर सवलत द्यायची विसरलो. बावीस वर्षं तक्ता माझ्या दुकानात टांगलेला, आणि तो मला वाचून दाखवला खेळाच्या बाईंनी.

ता. क. ३. टाके काढले. कालच्या रविवारी पूर्ण घाट गेलो, वर आणि खाली, सगळ्यात हळू. एका सायकलवाल्याने मागे टाकलं, टाकू दे. खाली आल्यावर मॅडमनी बेकरीवाल्याला मुद्दाम माझ्या मागे बसवलं, कारण मागे माणूस घेण्याआधी परीक्षा द्यावी लागते. बेकरीवाला भाऊजींच्या दीडपट आहे. बारा वळणं झाली, तो बिस्किट खात होता, पडलं नाही. मॅडमनी शिट्टी वाजवली नाही, हाच आमच्याकडे निकाल.

तेव्हा टेम्पो रद्द. भाऊजींचं हेल्मेट कुठल्या कपाटावर असेल ते काढून पुसून ठेव, पट्टा नीट लागतो का बघ, आणि त्यांचं जाड जाकीट उन्हात घाल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता येतो. तू चिडशील हे धरून चाललोय. माझ्यासाठी नाश्ता नको, त्यांच्यासाठी चहा कर. साखर घाल.

ता. क. ४. भाऊजी, नमस्कार. ताईने एकही कंस गाळला नसणार, लहानपणापासून तिला खोटं खोकता येत नाही. त्यामुळे तक्त्याचं मला कळलं होतं हे आता तुम्हालाही कळलं. राहू द्या. फक्त रविवारी एक करा. मागे बसणाऱ्यालाही नियम आहे. वळण ज्या बाजूला असेल, माझ्या त्या बाजूच्या खांद्यावरून बघायचं. मधलं दिसलं नाही तरी हरकत नाही. तुम्ही मान तेवढी वळवा, शेवटची ओळ मी वाचतो.