प्रागच्या पुलाला सांगून आलो

घाटकोपर, रविवार संध्याकाळ

बॅगा अजून तशाच पडल्यात. समोरच्या वहिनी विचारत होत्या, "प्राग कसं आहे हो?" काय सांगू? जर्मनीतल्या आमच्या लेकाला, नितीनला, सुट्टी एकच दिवस मिळाली. सकाळी पोचलो, रात्री परत. उभ्या उभ्या भेट, दुसरं काय! राजवाडा, चर्च, ते मोठं घड्याळ, सगळ्याचा डोक्यात काला झालाय. लक्षात राहिला तो जुना दगडी पूल.

निघताना ह्यांनी पुलाच्या कठड्यावर हात ठेवला आणि चक्क मालवणीत म्हणाले, "येतंय हां." नितीन हसत सुटला. "बाबा, पुलाला काय सांगताय!" मीही ओरडले, "कुठे येताय आता? गुडघे बघा आधी." तर म्हणतात, "मग काय 'जातो' म्हणू? निघताना असं बोलतात का गं?" कठड्यावरचा हात काही काढेनात. वेडा माणूस!

पण मुंबईला निघताना विमानतळावर... आत आम्ही जाणार होतो, नितीन दाराशीच थांबणार होता. म्हणजे निरोप आम्ही घ्यायचा ना? तर पोरानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मालवणीचा शब्द नाही त्याच्या तोंडात, आणि म्हणाला, "आये, येतंय हां."

सहज म्हणाला असेल? की बाबांची नक्कल?

असू दे. म्हणाला ना! इथल्या त्याच्या पलंगावर गाद्या रचून ठेवल्यात. उद्या ह्यांनाच उतरवायला लावते. गुडघेबिडघे काही ऐकणार नाही.