नुसती साखर

३ फेब्रुवारी
तोगझाननं आज सगळ्यांसमोर माझं नाक कापलं! जपानहून शिकून आलीय म्हणे. अल्माटीत येऊन तीन महिने झाले नाहीत. मी या प्रयोगशाळेत बावीस वर्षं उंदरांच्या प्लीहा चिरतेय.

"रौशन आपाय, तुमची प्रतिपिंडं मेंदूज्वराच्या जंतूच्या कवचाला चिकटतच नसतील. कवचाची साखर तुम्ही ज्या प्रथिनाला बांधली, त्यालाच चिकटत असतील." तोंडानं आपाय, म्हणजे ताई म्हणायचं, आणि वर हे!

अगं, नुसती साखर टोचली तर उंदराचं शरीर तिला जुमानत नाही, प्रतिपिंडं बनवत नाही, म्हणून तर बांधतात! हे तू मला शिकवणार? तसं तोंडावर म्हटलं.

"मग तपासताना तरी प्रथिन बदला."

घरी आल्यावर दहा उत्तरं सुचली.

४ फेब्रुवारी
तिनं तळून आणलेल्या बाउरसाकांना, त्या फुगीर पुऱ्यांना, हात लावला नाही. बाकीच्यांनी फस्त केले. फितूर!

११ फेब्रुवारी
बावन्न नंबरच्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी काय वाढतायत! मेंदूज्वर ओळखायचा संच यांच्यावरच बनायचाय. दोन वर्षांनी एक अशी मिळाली — आणि ही तोगझान मागून म्हणते, "आपाय, दोन दिवसांचं काम. मी तपासते."

"हात लावून तर बघ!"

२० फेब्रुवारी, सोमवार
पेशींच्या दहा प्लेटांना बुरशी. बावन्न वाचला. संचालक ओराझबेक आगाय कडाडले, "काल कोण होतं इथे?"

मी तोगझानकडे बघितलं. नुसतं बघितलं.

२१ फेब्रुवारी
लेखी दिलं — रविवारी तोगझान होती.

रविवारी मी होते. हातमोजे बदलायचा कंटाळा केला.

६ मार्च
तिला काढलं. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"रविवारी मी आईकडे गावी होते. बसचं तिकीट दाखवलं. आगाय म्हणाले, रौशनच्या शब्दापुढे तिकिटाचं काय घेऊन बसलीस!"

मी प्लेट पुसत राहिले.

"लाज नाही, ते कळलं. आता तपासा तरी."

दार आपटून गेली. बरं झालं. पीडा टळली.

१८ मार्च
तपासलं. साखर दुसऱ्याच प्रथिनाला बांधून प्लेटला लावली, वर बावन्नची प्रतिपिंडं. चिकटली की पिवळा रंग येतो; येईना. अर्धा तास बघत बसले — पाणीच.

मग जुनं प्रथिन एकटंच घेतलं, साखरेशिवाय. पिवळंधमक!

मेली खरं बोलत होती.

२० मार्च
आगायांनी बोलावलं. समोर चहा ठेवला. "संच बनवायला आज मंजुरी द्यायचीय. रौशन, तुझा बावन्न चिकटतो ना?"

"चिकटतो," म्हटलं.

कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.