गिरिजाबाईंचे उडीद

भोकरदन,
१३ ऑक्टोबर १९७५

प्रिय उषा,

जय भीम. मी बिलकुल मजेत आहे. तुझे पाय अजून सुजतात का? अप्पांचा खोकला कसा आहे?

काल रविवारी शाळेतले आम्ही चौघं मास्तर चार फटफट्यांवर पिंपळगाव रेणुकाईकडं फिरायला गेल्तो. पाऊस उघडलाय, रानं पिवळी पडून राह्यली. तुला कबूल केलं तशी गाडी हळूच चालवली.

वाटेत गिरिजाबाई नावाच्या म्हातारीनं डांबरी रस्त्यावर उडदाच्या शेंगा पसरल्या होत्या. आम्ही कडेनं जाऊ लागलो तर ती आडवीच आली. म्हणाली, "कडेनं कामून जाता? वरून न्या की. माझा मळणीचा बैल आजारी हाय."

मंग तासभर आम्ही तिच्या शेंगांवर चकरा मारल्या. शेंगांवर चाक जरा घसरतं. कुणाला फार लागलं न्हाई. माझी तपकिरी पँट मात्र गुडघ्यावर रफू करावी लागेल.

तुला दिवस गेलेत हे कळल्यावर तिनं बाळंतिणीच्या लाडवांसाठी दोन शेर उडीद बांधून दिले. बाळाला घेऊन या म्हणाली. मी हो म्हटलंय.

आपण एस.टी.नं जाऊ.

तुझाच,
मच्छिंद्र