प्रोफेसर गारठे यांची पूर्वसूचना

६ सप्टेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. नियम एकच: खरं तेच लिहायचं. कुणी वाचणार नाही म्हणून कुणावर अन्याय करायचा नाही. नंदकुमारवरसुद्धा.

इथल्या मराठी मंडळाची मीटिंग नंदकुमारच्या घरी. तो सचिव झाल्यापासून सगळ्या मीटिंग त्याच्याच घरी होतात, त्याचा नवा सोफा अख्ख्या एनिस गावाने पाहावा म्हणून. (हा अन्याय झाला का? विचार केला. नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक त्याने आम्ही आल्यावर, आमच्यासमोर काढलं.)

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी एक नाटुकलं सुचवलं. साठच्या दशकातल्या त्या गमतीदार हेरपटांवर. ज्यांत छत्रीतून धूर निघतो, लिपस्टिकमध्ये रेडिओ असतो, मोटार पाण्यात पडली की तिची होडी होते, आणि खलनायक हिरोला खुर्चीला बांधून आपला सगळा बेत नीट समजावून सांगतो. तेवढ्यात हिरो सुटतो. नंदकुमार म्हणाला, मस्त रे, क्रॅक होईल! क्रॅक म्हणजे इकडे धमाल; बारा वर्षं आयर्लंडमध्ये राहून त्याने एवढा एकच शब्द कमावला आहे.

खरं कारण मीटिंगमध्ये सांगितलं नाही. माझी लेक ईशा पुढच्या सप्टेंबरला कॉलेजसाठी डब्लिनला जाईल. ती लहान असताना दर रविवारी आम्ही दोघं हे सिनेमे पाहायचो. पुठ्ठ्याचे मनगटी रेडिओ करायचो. मी तिला नियम शिकवला होता: खलनायकाने बेत सांगितला, की तो उधळणं हे हेराचं कर्तव्य. ती सोफ्यावर उभी राहून ओरडायची. आता रविवारी तिच्या खोलीचं दार बंद असतं.

नाटकात मी हेर, ती माझी सहकारी. जायच्या आधी एकदा. बस.

१४ सप्टेंबर, रविवार

संहिता पूर्ण. उत्तम झाली आहे. (अहंकार? दोनदा वाचली. उत्तमच आहे.)

खलनायक: प्रोफेसर गारठे. त्याच्या यंत्रामुळे साऱ्या जगावर कायमची रिमझिम होणार. हेराकडे लाटण्यातली दुर्बीण, पोळीच्या डब्यातला रेडिओ, धूर सोडणारी छत्री. सगळ्या वस्तू मी स्वतः करणार. माझ्या बायकोने, यामिनीने विचारलं, लाटणं परत मिळणार आहे का? मिळेल म्हणालो.

ईशाला भूमिका सांगितली. फोनवरून नजर न काढता म्हणाली, येह, ग्रँड. हा होकार आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज पात्रनिवड. शांतपणे लिहितो.

नंदकुमारने दिग्दर्शन स्वतःकडे घेतलं. कुणी दिलं नाही, घेतलं. मग हेराची भूमिका संकेतला दिली. संकेत शेजारच्या शॅनन गावात नोकरीला आहे, सव्वीस वर्षांचा, केस भरपूर. मी म्हणालो, लेखकाच्या मनात हेर पंचेचाळीस-सेहेचाळीसचा आहे. नंदकुमार म्हणाला, अंबरीशराव, तो भिंतीवरून उडी मारतो ना? तुझ्या गुडघ्याला विचारून आलास का?

सगळे हसले. ईशा पण.

मला प्रोफेसर गारठे दिला. नंदकुमार म्हणाला, तुला तालीमसुद्धा लागायची नाही बघ. शिवाय माझी कथाच पोकळ आहे म्हणाला: एनिसवर कायमचा पाऊस पडला तर कुणाला कळणार? पुन्हा हशा. हा विनोद माझ्या संहितेत पान चारवर आहे. त्याने तो आधी मारला.

मी नंदकुमारचा द्वेष करतो का? परत येताना गाडीत प्रामाणिकपणे तपासलं. नाही. फक्त त्याचा आवाज, हसणं, पार्किंगची पद्धत आणि इतरांच्या ताटातली चकली उचलण्याची सवय मला पसंत नाही. माणूस म्हणून आदर आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

तालीम. नंदकुमारने गारठेचं बेत सांगण्याचं भाषण निम्मं कापलं. म्हणाला, एवढं कोण ऐकतं? मी सांगितलं, या प्रकारच्या सिनेमाचा तो प्राण आहे. तो म्हणाला, मग प्राण जरा लवकर सोड.

ईशा तालमीला त्याच्या गाडीतून जाते. माझ्या गाडीत गाणी लागत नाहीत म्हणे. त्याला नंदूअंकल म्हणते. मी त्याच्याविषयी दोन वाक्यं बोललो तर म्हणाली, बाबा, युअर मॅन इज ओन्ली मेसिंग. म्हणजे इकडच्या भाषेत, तो गडी नुसती गंमत करतोय. माझ्या घरात तो आता ‘युअर मॅन’ झाला आहे.

संकेत छत्री उघडतो, धूर निघतो, ईशा टाळ्या वाजवते. छत्री मी केली. टाळ्या संकेतला.

ठराव: मोठं मन ठेवायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मोठं मन ठेवून बघितलं. उपाय नव्हे तो.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुचलं!

या सिनेमांत शेवटी मुखवटा निघतोच. म्हातारी नोकराणी म्हणजे कर्नल, कर्नल म्हणजे शत्रू. तर मग प्रोफेसर गारठे म्हणजेच खरा हेर का नसावा?

बेत असा. माझ्याकडे छत्रीचा छोटा रिमोट आहे, तालमीत धूर थांबवण्यासाठी केलेला. प्रयोगात संकेत छत्री उघडेल, मी झग्याच्या खिशातून बटण दाबीन, धूर निघणार नाही. संकेत गोंधळेल. (तो गोंधळतोच. नुसतं ‘नमस्कार मंडळी’ म्हणतानाही गोंधळतो.) मग मी गारठेचा काळा झगा झटक्यात काढीन. आत पांढरा कोट, लाल बो. मीच खरा हेर! शेवटचा प्रवेश माझा आणि ईशाचा.

संहितेचा लेखक या नात्याने मला शेवट बदलण्याचा अधिकार आहे. हा सूड नाही, पुनर्लेखन आहे.

लाल बो मागवला.

२ नोव्हेंबर, रविवार

मन लागत नाही. एका माणसाला अंधारात ठेवून त्याचा प्रयोग पालटायचा, हे बरोबर आहे का? मी क्वालिटी ऑडिटर आहे. सतरा वर्षांत एकाही विभागावर अचानक धाड घातलेली नाही. काय तपासणार, कधी तपासणार, सगळं आधी लेखी कळवतो. समोरच्याला तयारीची संधी द्यायची असते. धाड घालणारे ऑडिटर वेगळे. त्यांच्याबरोबर मी जेवायलाही बसत नाही.

मग नंदकुमारला का नाही? केवळ तो मला आवडत नाही म्हणून? (आदर आहे, पण आवडत नाही.)

त्याला ईमेल केली. विषय: प्रयोगातील नियोजित बदलाची पूर्वसूचना. रिमोट, झगा, लाल बो, सगळं क्रमाने. ईशाला सीसी केलं, कारण शेवटच्या प्रवेशात ती आहे.

मन हलकं झालं.

३ नोव्हेंबर, सोमवार

यामिनी ड्यूटीवरून आली. ईमेलबद्दल सांगितलं. युनिफॉर्ममध्येच खुर्चीत बसली. म्हणाली, अरे, तू त्याला सगळंच सांगून टाकलंस? मी म्हणालो, तत्त्व म्हणून. ती म्हणाली, तत्त्वाने आंघोळीचं पाणी तापवलंय का बघ.

ईशाने ईमेल वाचली. हसत हसत जिन्यावर बसली. मग इंग्लिशमध्ये म्हणाली, बाबा, हा तर अक्षरशः तोच सीन आहे! व्हिलन बेत सांगतो तो! मी फरक समजावून दिला: खलनायक गर्वापोटी सांगतो, मी पारदर्शकतेपोटी. यावर ती आणखी हसली, पण बऱ्याच दिवसांनी माझ्याजवळ बसून हसली. नोंद घेतली.

नंदकुमारचं उत्तर आलं. नुसता अंगठा.

म्हणजे शरणागती. शब्द फुटले नाहीत त्याला.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रयोग झाला.

हॉल भरलेला. शेजारचे काही आयरिश लोकही आले होते, जिलेबीसाठी. मी गारठेच्या खुर्चीत गर्रकन फिरून भाषण सुरू केलं. अर्धं कापूनही लोक हसत होते. मला वाटलं, आज जमणार.

संकेतने छत्री उघडली. मी बटण दाबलं. धूर निघाला. पुन्हा दाबलं. आणखी धूर निघाला. मी झग्याच्या आत हात घालून दाबतच राहिलो. धुरामुळे मला खोकला आला. हॉल हसत होता.

मग मी झगा काढायला गेलो. निघेना. बटणं उघडली, तरी निघेना. आतून शिवलेला होता, काळ्या दोऱ्याने, कोटासकट. ओढला, गोल फिरलो, एक बाही डोक्यावर आली. मी आतून ओरडलो, मीच खरा हेर आहे! लोक बाकांवर थापा मारत होते. बाळासाहेब, मंडळाचे अध्यक्ष, डोळे पुसत होते.

ईशाने येऊन मला बेड्या घातल्या आणि म्हणाली, प्रोफेसर, तुमचा पाऊस थांबला. हे वाक्य संहितेत नाही. शुद्ध मराठीत म्हणाली.

मला उत्कृष्ट विनोदी अभिनेत्याची ढाल मिळाली. नंदकुमारने मिठी मारली. म्हणाला, मेल्या, एवढा चांगला करतोस हे तालमीत का लपवलंस? थंड डोक्याचा माणूस. मिठी मारताना शिवण चाचपली असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

निष्कर्ष स्पष्ट आहे. मी सभ्यपणे पूर्वसूचना दिली आणि नंदकुमारने तिचा शस्त्र म्हणून वापर केला. रिमोट उघडून पाहिला. सेल काढलेले. झगा, आतल्या कोटासकट आणि खिशातल्या रिमोटसकट, आठवडाभर हॉलच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सचिवाकडे असते.

त्याला मेसेज केला. शब्द मोजून वापरले: विश्वासघात, कपट, दोरा.

लगेच फोन आला. म्हणाला, अरे, कसली ईमेल? मी म्हणालो, तू अंगठा दिलास. तो म्हणाला, तू एवढं लांबलचक पाठवतोस, मी सगळ्यालाच अंगठा देतो रे. वाचतंय कोण! बरं, ढाल कुठे लावलीस?

नाटकी माणूस. एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. बाळासाहेबांना तक्रार लिहायला घेतली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना तक्रार वाचून दाखवली. यामिनी वाढायची थांबली. ईशाकडे बघत राहिली.

ईशा म्हणाली, बाबा, स्टॉप. तो झगा मी शिवला. कपाटाची किल्ली तिने नंदूअंकलकडून बटण लावायचंय म्हणून घेतली. दोरा आईच्या डब्यातला. सेल तिच्या खोलीतल्या मांजराच्या आकाराच्या घड्याळात आहेत, बघून ये.

मी विचारलं, का? माझ्याविरुद्ध का?

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, बट यू टोल्ड मी द प्लॅन. मग आठवून आठवून मराठीत: तूच शिकवलंस ना? व्हिलनने सांगितलं की उधळायचं.

यामिनी म्हणाली, भाजी घे.

मी भाजी घेतली. बराच विचार केला. मी हेराबरोबर काम करणार होतो, ते तसं झालंही. फक्त मी त्या बाजूला नव्हतो. एवढी मोठी ईमेल शेवटपर्यंत वाचणारी या देशात ती एकटी आहे.

तिच्या खोलीत जाऊन घड्याळ पाहिलं. चालू आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

धीर करून ईशाला विचारलं, उद्या रविवार आहे, एखादा जुना हेरपट पाहायचा का? ती म्हणाली, ग्रँड! मी संकेत आणि नंदूअंकलला आधीच बोलावलंय. नंदूअंकलने यांतला एकही पाहिलेला नाही, कॅन यू इमॅजिन?

म्हणजे नंदकुमार माझ्या सोफ्यावर. माझ्या चकल्या. आणि खलनायक बोलायला लागला की तो मध्ये बोलणार.

पण तो येण्याआधी माफी मागणं भाग आहे. तक्रार फाडली. दुपारभर बसून माफीची ईमेल लिहिली. कोणत्या तारखेला काय संशय घेतला, का घेतला, त्यातला कोणता अजून पूर्ण गेलेला नाही, सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. सोफ्याच्या प्लास्टिकबद्दलही. पाठवली.

खुर्ची मागे सरकवून उठेपर्यंत त्याचा अंगठा आला.