तीन हाका

सोमवार, ४
नोकरी झकास आहे. चार मजली प्रयोगशाळा, साठ कॉम्प्युटर, आणि त्यांचं जाळं नव्याने बांधायचं काम माझ्याकडे. एखादं यंत्र बंद पडलं तरी काम अडता कामा नये, असं साहेबांनी बजावलंय. रचना साधीच ठेवली. प्रत्येक यंत्राला दोन शेजारी. ते त्याला दर मिनिटाला हाक मारतात. तीन हाकांना ओ आली नाही की जाळं त्याला मेलेलं धरतं, त्याचं काम राखीव यंत्राला देतं आणि वाट वळवून घेतं. बायकोला फोनवर हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, आधी घरात बसव, तू कुठे कधी ओ देतोस. सतरा तारखेला ती आणि आमची लेक चिमी कायमच्या इकडे येतायत. चिमीचं टेबल खिडकीशी लावून ठेवलं.

गुरुवार, ७
चाचणीसाठी यादीत एकसष्टावं नाव माझंच घातलं. शेजारी म्हणून बायको आणि चिमी, त्यांच्या फोनसकट. हाक आली की मी बटण दाबायचं. तंत्रज्ञ बाई हसल्या, माणसाला राखीव कुठून आणणार म्हणाल्या. ती जागा रिकामी सोडली. नावं काढायची राहिली, उद्या काढतो.

सोमवार, ११
तीन दिवस तापाने फणफणलो होतो. फोन उशाशी वाजत राहिला, हात उचलवला नाही. आज दाराने कार्ड घेतलं नाही. बाईंच्या मागोमाग आत शिरलो. पडद्यावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं: मृत. राखीव चालू. तीन दिवसांचं काम माझ्या सहीने झालेलं, माझ्यापेक्षा चोख.

बुधवार, १३
कुणी ओळख देत नाही. समोर उभा राहिलो तर वळसा घालून जातात. ओरडून घसा बसला. मेलेल्याला परत घ्यायचं तर दोन्ही शेजाऱ्यांनी त्याची ओ ऐकायला हवी. नियम माझाच. रविवारची वाट बघतोय.

शुक्रवार, १५
बायकोचा फोन तासभर लागत नव्हता. त्या राखीवाशी बोलत असणार. तो ओ देतो —

रविवार, १७
आल्या. बायको वळसा घालून गेली. त्याने बॅगा उचलल्या. चिमी मात्र थबकली, बाबा म्हणाली — मला. आईने ओढून नेलं.
एकच शेजारी. पुरत नाही.

घरासमोरच्या पायरीवर बसून लिहितोय. चिमी खिडकीत, माझ्याकडेच बघतेय. आतून आई हाक मारतेय. ही ओ देत नाही.
चिमे, ओ दे. मी तोंड फिरवतो, पण तू —
दुसरी हाक. तिच्या मागे, टेबलाशी, तिच्याएवढीच कुणीतरी —
ओ दे गं —
तिस